चांद्रयान मुख्य यानाला जोडायला एक मजबूत कडी पुरणार नाही का?

तुम्ही विचारलंय, अपोलोत, म्हणजे अमेरिकेच्या चंद्रमोहिमांत, चंद्रावर उतरणारं यान (इथं चांद्रयान म्हणजे तेच) मुख्य यानाला जोडायला दांडा, शंकू, खटके एवढा पसारा कशाला, एक कडी का नाही? मी कोल्हापुरात, उद्यमनगरात मशिनशॉप चालवतो. अंतराळ हा माझा धंदा नव्हे, पण एकात एक बसणाऱ्या वस्तू हा रोजचाच विषय. त्या ओढीनं या जोडणीबद्दल बरंच वाचलंय.

फिक्स्चरवर, म्हणजे वस्तू जागेवर धरणाऱ्या चौकटीवर, कास्टिंग बसवताना लोकेटिंग पिनाचं, म्हणजे जागा ठरवणाऱ्या खुंटीचं, तोंड सपाट असलं, तर पोरगा जॉब हलवत बसतो. तोंडाला लांब टेपर, म्हणजे निमुळता उतार, दिला की न बघता बसवतो. पण टेपर नुसती वाट दाखवतो, घट्ट धरतो तो क्लॅम्प. पकडणं वेगळं, आवळणं वेगळं.

अपोलोतही तसंच. चांद्रयानाच्या माथ्यावर खोलगट शंकू, मुख्य यानाच्या नाकावर दांडा. नेम फूटभर चुकला तरी शंकू दांड्याला मध्यावर आणायचा. टोकाचे तीन छोटे खटके पकडायचे, नायट्रोजनच्या दाबानं दांडा आत ओढला जायचा आणि कड्यावरचे १२ मोठे खटके दोन्ही यानं आवळायचे. सील दाबलं गेलं की दोन यानांमधल्या ये-जा करायच्या बोगद्यात हवा भरता येई.

खरी ओढाताण वजनाची. उतरणाऱ्या यानावरचा प्रत्येक किलो खाली न्यायला इंधन, वर आणायला पुन्हा इंधन. म्हणून दांडा, खटके, गॅस सगळं वर थांबणाऱ्या यानावर टाकलं. सुरुवातीच्या आराखड्यात चांद्रयान पुढच्या दारानंही जोडता येणार होतं. वजनापायी ते गेलं, आणि कमांडरच्या वाट्याला डोक्यावरच्या छोट्या खिडकीतून वर बघत जोडणं आलं. शिवाय दांडा आणि शंकू बोगद्याच्या ऐन मध्यात, त्यामुळं पलीकडं जायचं तर आधी दोन्ही हातानं काढायचे.

सोव्हिएत आराखडा आणखी पुढं गेला. त्यांच्या चांद्रयानावर मधाच्या पोळ्यासारखी षटकोनी खाचांची पत्रा-चकती, बोगदाच नाही. अंतराळवीरानं बाहेरून, अंतराळात चालत मुख्य यानात जायचं. वजन वाचलं खरं, पण चंद्रावरून दमून आलेल्या एकट्या माणसावर एवढा भार टाकणं मला पटत नाही. ते यान माणसासह चंद्रावर गेलंच नाही.

आताच्या बऱ्याच नव्या यंत्रणांत वाट दाखवणाऱ्या पाकळ्या कड्याच्या काठावर असतात, मधला रस्ता मोकळा. काहींत दोन्ही बाजू सारख्या, त्यामुळं अडचणीत तशी यंत्रणा असलेली यानं एकमेकांना जोडता येतात. इस्रोनं १६ जानेवारी २०२५ ला स्पेडेक्स या अंतराळात जोडणी करून बघायच्या प्रयोगात प्रत्येकी सुमारे २२० किलोचे दोन उपग्रह जोडले. त्या दिवशी शॉपमध्ये पोरांना मी हाच टेपर दाखवला होता.

आता तुमची एक कडी. १९७१ साली अपोलो १४ चंद्राकडं निघालं, तेव्हा छोटे खटके पकडच घेईनात. पाच प्रयत्न फसले. सहाव्या वेळी यान इंजिनांच्या जोरावर दाबून धरलं आणि त्याच दमात दांडा आत ओढला. १२ मोठे खटके बसले. पकड आणि आवळण एकाच कडीत असती, तर तिथंच उतरणं रद्द झालं असतं. दांडा काढून बघितला तर दिसायला ठीकठाक होता. एरवी तो चांद्रयानासोबत सोडून देत, या खेपेला तपासायला पृथ्वीवर आणला.