माळ गळ्यात आणि दुखणं गुडघ्यात

प्रश्न : वय ३४, वजन ७० किलो. घर वारकरी, गळ्यात माळ, अंडं-मासळी वर्ज्य. रोज दोनशे बैठका आणि आठवड्यातून तीनदा जिममध्ये स्क्वॉट (वजन घेऊन मारायच्या बैठका). दोन महिन्यांपासून जिना उतरताना वाटीभोवती दुखतं, सूज नाही. जिममधले म्हणतात, ‘कोलॅजन, ग्लुकोसामाइन ही सांध्यांची पूरकं सुरू कर, वरणभातावर गुडघे टिकत नाहीत.’ काय करू?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : माळ ठेवा, व्यायामही ठेवा. तुमच्या वर्णनावरून दुखणं ताटातून आलेलं वाटत नाही. बैठक मारताना टाचा उचलल्या जातात, गुडघा बोटांच्या पुढे जातो आणि वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. त्यात स्क्वॉटची भर. या सांध्याला विश्रांतीचा दिवसच मिळत नाही.

पूर्ण आरामही नको; मांडीचे स्नायू उतरले की पुन्हा सुरुवात करताना तेच दुखणं येतं. सहा आठवडे बैठका दिवसाआड, सुरुवातीला पन्नासच, टाचा टेकवून आणि मांडी जमिनीला समांतर होण्याआधी थांबून. स्क्वॉट त्याच दिवशी करा, वजन निम्मं, मागे बाक ठेवून. जोडीला भिंतीला पाठ टेकवून खुर्चीत बसल्यासारखं ३० ते ४५ सेकंद थांबा, पाच वेळा, मध्ये दीड-दोन मिनिटं विसावा. व्यायामात दुखणं दहापैकी तीनपर्यंत चालेल. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यावर: दुखणं वाढलेलं असेल तर भार कमी करा, नसेल तर दर आठवड्याला दहा बैठका वाढवा.

आता डब्यांविषयी. कोलॅजन हे गुरांच्या किंवा माशांच्या कातडी-हाडांपासून बनतं. ग्लुकोसामाइन बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून काढतात. मक्यावर बुरशी वाढवून केलेलंही मिळतं. पण २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत, गुडघ्याची झीज असलेल्या दीड हजारांहून अधिक रुग्णांमध्ये, एकूण पाहता ग्लुकोसामाइन नकली गोळीपेक्षा ठळकपणे सरस ठरलं नाही. त्यासाठी व्रत मोडावं असं त्यात काही नाही. कॅप्सूलचं आवरणही बघा, साधं आवरण जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासूनचंच, असतं. खाद्य-पूरकाच्या डब्यावर हिरवा ठिपका शोधा. तपकिरी त्रिकोण असेल तर परत ठेवा. ड जीवनसत्त्वाची ‘डी-३’ गोळी सहसा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून होते. ते चालतं का, हे तुम्ही ठरवायचं.

प्रथिनं मात्र मोजा. तुमच्या व्यायामाला दिवसाला ९५ ते १०० ग्रॅम पुरतील. सकाळी पाव लिटर दूध (८ ग्रॅम प्रथिनं) आणि ५० ग्रॅम फुटाणे (१०). दुपारी तीन पोळ्या (१०), ५० ग्रॅम कच्च्या डाळीचं घट्ट वरण (११), मोठी वाटी दही (७). संध्याकाळी मूठभर शेंगदाणे (७). रात्री दोन भाकरी (१०) आणि ४० ग्रॅम कोरड्या सोया वड्यांची भाजी (२०). झाले ८३; आणखी १०० ग्रॅम पनीर घेतलं की शंभरी गाठते. बहुतेक घरांत चुकतं ते वरणात: पातळ वरणाच्या वाटीत डाळ जेमतेम २० ग्रॅम असते. एकादशीला साबुदाण्यात प्रथिनं जवळपास नसतात, म्हणून राजगिरा, दही, शेंगदाणे घ्या आणि पायांचा व्यायाम द्वादशीवर ढकला. ब-१२ची रक्ततपासणी एकदा करून घ्या, शाकाहारात ते कमी पडतं.

गुडघा सुजला, अडकला किंवा चालताना निसटल्यासारखा वाटला, तर हे सगळं थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : युरिक अॅसिड वाढेल म्हणून डाळी सोडाव्यात का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नाही. गाउटचा, म्हणजे युरिक अॅसिडचे खडे सांध्यात साचून होणाऱ्या दुखण्याचा, धोका मांस, मासळी, बीअर आणि गोड शीतपेयांनी वाढतो. डाळी-भाज्यांनी तो वाढल्याचं दिसलेलं नाही, दुधा-दह्याने तर कमी होतो. आधीच गाउटची औषधं चालू असतील, तर आहार डॉक्टरांना विचारूनच बदला.