मॅग्नेट लॉक जोडल्यापासून पॅनल सारखं रीस्टार्ट होतंय, पॅनल बदलू का?

नका बदलू. एवढं लिहून थांबणार होतो, पण तुमच्या प्रश्नात "लावणारा म्हणतो पॅनलच फॉल्टी आहे" हे वाचलं आणि डोकं सरकलं. हेच वाक्य मी गेली पाच वर्षं आमच्या साडूंच्या तोंडून प्रत्येक लग्नात आणि बारशात ऐकतोय.

तुम्हीच लिहिलंय की काचेच्या दाराला १२ व्होल्टचं मॅग्नेट आहे, कार्ड दाखवलं की सुटतं, परत पकडायच्या वेळी मशीन (म्हणजे तुमचं पॅनल) बंद होऊन चालू होतं, आणि लॉक अन् मशीन दोन्ही एकाच कॅट सिक्सवरनं (नेटवर्कची बारीक तारांची केबल) एकाच सप्लायला. मग शोधायचं काय राहिलं त्यात?

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलवाल्याचं काम होतं. मुख्य काम साडूंनी घेतलेलं, कॅमेरे बिमेरे सगळं त्यांचं, दाराचं तेवढं माझ्याकडं. सप्लायचा डबा ऑफिसात आणि सॅम्पल रूमचं दार तिथनं ३५ मीटर लांब, म्हणून मी सांगितलं होतं की लॉकला वेगळी १ स्क्वेअर एमएमची टू-कोर (दोन तारांची जाड केबल) ओढू, आणि आत इमर्जन्सीचा हिरवा डबा लावू, दाबला की लॉकचा करंट तोडणारा. साडू म्हणले, अहो कॅट सिक्स ओढलेलीच आहे, चार जोड्या आहेत त्यात, एका जोडीवर चालतंय की सगळं, कशाला गिऱ्हाइकाचा खर्च वाढवताय. हिरवा डबाही त्यांनीच कोटेशनमधनं उडवला. वयानं मोठे, त्यात बायकोच्या बहिणीचा नवरा, मी गप बसलो. तिथंच चुकलं माझं.

महिनाभर मशीन अधूनमधून रीस्टार्ट व्हायचं, अगदी तुमच्यासारखं. साडू मशीनच्या कंपनीला शिव्या द्यायचे. मग मे महिन्यात एका दुपारी दिवाणजी सॅम्पल काढायला आत गेले, मागं दार लागलं आणि मशीन हँग झालं. रीस्टार्ट झालं असतं तर बरं, पण स्क्रीन तशीच गोठलेली. आतलं एक्झिट बटण मशीनलाच जोडलेलं, ते दाबून दाबून बोट दुखलं त्यांचं. मशीनमधला रिले, म्हणजे लॉकचा करंट तोडणारा स्विच, हलेना म्हणजे लॉकला करंट चालूच, आणि करंट आहे तोवर मॅग्नेट दार सोडत नाही. वॉचमननं हुशारी केली, बाहेरनं एमसीबी पाडला. एसी गेला, पंखा गेला, दिवे गेले, आणि लॉक? ते बॅटरीवर! १२ व्होल्ट ७ एएचची नवी बॅटरी, अर्धा अँपिअरचं लॉक ती दिवसभर धरून बसते. सप्लायच्या डब्याला कुलूप, किल्ली साडूंकडं, साडू तुळजापूरला देवीच्या दर्शनाला, फोन लागेना.

मला फोन आला तेव्हा मी नव्या पेठेत होतो. दिवाणजींचा आवाज रडकुंडीला आलेला. विचारलं, आत कात्री आहे का? टॉवेलचं सॅम्पल कापायची मोठी कात्री होती. म्हणलं, चौकटीच्या वरनं वायर झाकणारी केसिंग पट्टी येते ती उपटा, आत निळी आणि पांढरी-निळी वायर दिसंल. "निळी कापू का पांढरी?" कुठलीही एक कापा, पण एकच, दोन्ही एकदम कात्रीत धरू नका. फोनवर मला टक आवाज ऐकू आला आणि मग नुसता वाऱ्याचा आवाज. ते बोललेच नाहीत, फोन तसाच टाकून बाहेर पळाले.

संध्याकाळी मी मीटर घेऊन गेलो. मशीनच्या टोकाला लॉक सुटलेलं असताना १०.८ व्होल्ट, लॉक पकडलं की ८.७. त्या कॅट सिक्सची एक तार बारीक होती, किलोमीटरला ८४ ओहमच्या आसपास, जाऊन-येऊन ७० मीटर म्हणजे सहाएक ओहम झाले, व्होल्ट त्यातच गळतात, हिशोब करा. ८.७ व्होल्टवर मशीन बिचारं काय करणार. मॅग्नेट मात्र त्यावरही माणसाला ऐकत नाही. ६०० पौंडाचं, म्हणजे पावणेतीनशे किलोचं ते, करंट घटून त्याचा जोर निम्म्यावर आला तरी दिवाणजी साठ किलोचे.

आणि डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा बारका पार्ट, तर नव्हताच. लॉकची कॉइल सुटताना उलटा झटका मारते, तो सरळ रिलेच्या पत्त्यांवर आणि मशीनमध्ये जातो. १एन४००७ नंबरचा डायोड लॉकच्या दोन टोकांवर आडवा लावायचा, चंदेरी पट्टी प्लसकडं. दोन-चार रुपयांची वस्तू, पण साडूंना ती "पुस्तकी गोष्ट" वाटते.

तर तुम्ही लॉकला वेगळा सप्लाय आणि जाड वायर द्या, मशीनचा सप्लाय वेगळा. रिलेचा संपर्क कोरडा असतो, नुसता स्विच, त्यामुळं दोन्ही सप्लायचे मायनस एकत्र करायची गरज नाही. मॅग्नेट रिलेच्या कॉम (सामाईक टोक) आणि एनसीवर (एरवी जोडलेलं टोक). एनओवर (एरवी तुटलेलं टोक) टाकलं तर दार दिवसभर उघडं आणि कार्ड दाखवलं की पाच सेकंद बंद, हेही मी बघितलंय, हसू नका. आतला हिरवा डबा मशीनला जोडू नका, लॉकच्या प्लस वायरमध्येच सिरीजमध्ये टाका, मग मशीन मरू दे नाहीतर बॅटरी जगू दे, दाबलं की दार सुटलं. मे २०२५ मध्ये याच अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागून आठ जण गेले. त्याचा कुलपाशी संबंध मी जोडत नाही, पण ज्या दारामागं माणूस बसतो तिथं हिरवा डबा नको म्हणणाऱ्याचं काम तेव्हापासून मी घेत नाही.

रीडरच्या वायगँडचं, म्हणजे कार्डाचा नंबर पॅनलला पाठवणाऱ्या वायरींचं, पण विचारलंय तुम्ही. हिरवी डी-झिरो, पांढरी डी-वन, आणि रीडरचा मायनस पॅनलच्या मायनसला. त्यात भांडण नाही.

हां, एक राहिलं. मॅग्नेटऐवजी कुठं एसी करंटवर चालणारं स्ट्राइक (चौकटीत बसणारं विजेचं लॉक) असेल तर डायोड लावू नका, शॉर्ट होईल, तिथं एमओव्ही (झटका गिळणारा दुसरा पार्ट) लागतो. काही मॅग्नेटमध्ये आतच एमओव्ही असतो, आणि डायोडनं दार सुटायला जरासा उशीर लागतो, तेव्हा आधी लॉकचा कागद वाचा. फायर अलार्म असेल तर त्याचा रिलेही लॉकच्या सप्लायमध्ये घ्यायला लावा.

आणि काहीही बदलायच्या आधी माझं एक काम करा. मशीनच्या टोकाला मीटर लावा, लॉक सुटलेलं असताना आणि पकडलेलं असताना, दोन्ही आकड्यांचे फोटो इथं टाका. पुढच्या महिन्यात मेहुणीकडं जावळ आहे, साडूंना दाखवायचेत.