छोट्या संस्थेने कौटुंबिक ट्रस्टकडे अर्ज केला, तर निर्णय नेमका कोण आणि कसा घेतं? ओळख लागतेच का?

तुम्ही तालुक्याच्या गावी मुलींसाठी अभ्यासिका चालवता, दोन ट्रस्टना अर्ज केले आणि एकाचंही उत्तर आलं नाही, म्हणून हा प्रश्न. मी सांगलीकडच्या एका कुटुंबाच्या ट्रस्टसाठी अर्जांची छाननी करतो. ट्रस्टचं नाव सांगत नाही, नाहीतर उद्यापासून फोन सुरू होतील.

आधी ओळखीचं. ओळख असली की अर्ज लवकर वाचला जातो, हे खरं आहे. पण पैसे सुटतात ते ट्रस्टडीडप्रमाणे, म्हणजे ट्रस्ट स्थापनेच्या दस्ताप्रमाणे. आमच्या डीडमध्ये शिक्षण आणि वैद्यकीय मदत एवढेच उद्देश आहेत आणि कार्यक्षेत्र दोन जिल्ह्यांचं. गोशाळेचा कितीही सुंदर अर्ज आला तरी विश्वस्त त्याला हात लावू शकत नाहीत. बरेचसे अर्ज इथेच गळतात आणि त्यांना उत्तर द्यायला कुणी बसत नाही. ही आमच्या लोकांची वाईट सवय आहे. तेव्हा पाठवण्याआधी एक फोन करून उद्देश आणि कार्यक्षेत्र विचारा. यात संकोच कसला?

मग कागद. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, आयकर खात्याच्या 12ए (संस्थेला करसूट) आणि 80जी (देणगीदाराला सवलत) या नोंदण्या, पॅन, तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशेब, एवढं सगळेच मागतात. महाराष्ट्रातल्या संस्था हमखास अडकतात ते चेंज रिपोर्टमध्ये. विश्वस्त बदलले की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 22 खाली 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयाला हा रिपोर्ट देऊन कळवायचं असतं. प्रत्यक्षात काय होतं? अर्जावर सही नव्या अध्यक्षांची आणि पीटीआरच्या (धर्मादाय कार्यालयातल्या ट्रस्टच्या नोंदवहीच्या) उताऱ्यावर नाव मागच्या अध्यक्षांचं, ते कधीचे वारलेले. सही करणाऱ्याला अधिकार आहे की नाही हेच ठरत नाही म्हटल्यावर आमचे सीए फाइल बाजूला ठेवतात. रिपोर्ट दाखल केलाय पण मंजुरी राहिली असेल, तर दाखल केल्याची पोच जोडा. आम्हाला तेवढी चालते.

कागद जमले की मी जाऊन बघतो. अध्यक्षांचं भाषण पाच मिनिटं ऐकतो, मग हजेरीचं रजिस्टर मागतो आणि तिथे बसलेल्या मुलींशी बोलतो. चेकवर सह्या कुणाच्या हेही विचारतो. दोन्ही सह्या नवरा-बायकोच्या असतील तर माझ्या टिपणात तसं लिहितो. टिपण एका पानाचं असतं आणि ते विश्वस्तांच्या बैठकीत जातं. आमच्याकडे आजोबा, दोन मुलं, एक सून आणि बाहेरचे एक निवृत्त प्राचार्य असे पाच जण बसतात. कुणाचा नातेवाईक अर्जदार संस्थेत असेल, तर तो विश्वस्त त्या विषयापुरता बाहेर जातो. बाकी कुटुंब आहे, तेव्हा माया-ममता असतेच. आजींच्या माहेरच्या गावचा अर्ज जरा जास्त वेळ चर्चेत राहतो. हे मी नाकारणार नाही.

वेळेचं गणित मात्र बहुतेकांना माहीत नसतं. आयकरातून सूट हवी तर ट्रस्टला वर्षाच्या उत्पन्नातले 85 टक्के त्याच वर्षी उद्देशावर खर्च करावे लागतात. पुढे ढकलायच्या सवलती आहेत, पण त्यांचे फॉर्म वेगळे आणि मुदती वेगळ्या. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत विश्वस्तांचं मन एकदम मोठं होतं. तोपर्यंत तुमच्या संस्थेची भेट आटोपलेली हवी, म्हणजे अर्ज दिवाळीच्या आसपास पोचायला हवा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आलेला अर्ज मी उघडतो एप्रिलमध्ये.

2023 च्या अर्थसंकल्पाने आणखी एक पाचर मारली. एका ट्रस्टने दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेला 1 लाख दिले, तर देणाऱ्याच्या हिशेबात 85 हजारच खर्च धरले जातात. तेव्हापासून काही ट्रस्ट संस्थेला चेक देण्याऐवजी टेबलं-खुर्च्यांचं बिल स्वतःच भागवायला बघतात. तसं सुचवलं तर अपमान मानू नका. आणि कायम निधीसाठी, म्हणजे कॉर्पससाठी, मागू नका. चालू उत्पन्नातून दुसऱ्याच्या कॉर्पसला दिलेली देणगी खर्चात धरलीच जात नाही, त्यामुळे तो अर्ज सीएच्याच टेबलावर संपतो. ट्रस्टला परदेशातून देणगी येत असेल, तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या 2020 च्या दुरुस्तीनंतर तो पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. मोठा ट्रस्ट दिसला म्हणून तो सगळा पैसा वाटायला मोकळा आहे असं समजू नका.

राहिला अंदाजपत्रकाचा मुद्दा, आणि इथे मी विश्वस्तांशी नेहमी भांडतो. त्यांना संगणक द्यायला आवडतं, कारण त्यावर नाव घालता येतं. अभ्यासिका चालते ती संध्याकाळी कुलूप उघडणाऱ्या, दहापर्यंत थांबणाऱ्या आणि मुलींना घरी सोडायची व्यवस्था बघणाऱ्या बाईंमुळे. तिचं मानधन 'इतर खर्च' या ओळीत लपवू नका. वेगळी ओळ करा आणि ती नसेल तर काय बंद पडेल ते दोन वाक्यांत लिहा. वीजबिल आणि भाडंही तसंच. लपवलेली रक्कम सापडली की शंका येते. उघड मागितलेल्या मानधनावर निदान चर्चा होते, आणि गेल्या काही बैठकांत ते मंजूरही झालंय.

मंजूर झालं तरी पैसे दोन हप्त्यांत येतात. पहिल्याचं विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, सीएच्या सहीने दिलं की दुसरा. पहिल्यांदाच मागत असाल तर एका वर्षाच्या खर्चापुरतं मागा. हिशेब वेळेत आला, तर दुसऱ्या वर्षी तुमचा अर्ज मला विश्वस्तांना बहुतेक समजावून सांगावा लागत नाही.