पावसाळ्यात अळंबी एका रात्रीत कशी उगवते? बी तर कोणी टाकलेलं नसतं!

एका रात्रीत उगवते ती फक्त वर दिसणारी छत्री. खरी बुरशी त्याआधी कितीतरी दिवस जमिनीत किंवा सडक्या लाकडात पसरत असते. केसाहूनही बारीक तंतूंचं हे जाळं, म्हणजे कवकजाल.

प्रत्येक तंतू टोकाशीच वाढतो. आतल्या पाण्याच्या दाबाने टोक पुढे रेटलं जातं, मागे फाटे फुटतात, जवळचे तंतू एकमेकांना जोडले जातात. मला सगळ्यात विलक्षण वाटते ती तिची खाण्याची रीत. बुरशी विकरं (अन्न पचवणारी एन्झाइम्स) बाहेर सोडते, अन्न बाहेरच पचवते आणि मग शोषून घेते. म्हणून अन्नातूनच वाट काढत पुढे सरकत राहणं तिला भाग असतं. एका भागातलं अन्न संपलं, तरी जाळ्यातून दुसरीकडचं तिथे पोचू शकतं.

अमेरिकेत ओरेगॉनच्या जंगलात आर्मिलारिया नावाच्या बुरशीचा एकच जीव झाडांच्या मुळांमधून सुमारे ९.६ चौ. किमी पसरलाय!

पुरेशी ओल मिळाली, की जाळ्यावर आधीच तयार झालेल्या इवल्या गाठी पाणी घेऊन भराभर फुगतात. वेगाचं कारण हेच. मग छत्रीखालच्या पडद्यांमधून असंख्य बीजाणू वाऱ्यावर जातात, तेच तिचं 'बी'.

कोकणात, गोव्यात वारुळावर येणाऱ्या अळंबीचं जाळं तर वाळवीच वारुळात जोपासते. त्यामुळे ती काढताना वारूळ अजिबात खणू नका, आणि काही छत्र्या तिथेच उमलू द्या.