वाढदिवस बुधवारी, खिशात दीड हजार

प्रश्न : मावशी, पुढच्या महिन्यात माझा मुलगा 9 वर्षांचा होईल. वाढदिवस नेमका बुधवारी आलाय. मागे आमच्या सोसायटीतल्या एका मुलाचा वाढदिवस हॉल घेऊन झाला. जादूगार होता, शिवाय घरी जाताना प्रत्येक पोराच्या हातात कार्टूनचा टिफिन. तेव्हापासून आमचा रोज विचारतो, 'आपण कुठला हॉल घेणार?' ह्यांचा ओव्हरटाइम दिवाळीपासून बंद आहे. माझ्याकडे 1,500 रुपये आहेत, त्यात एक रुपयाही वाढणार नाही. मोबाइलवर 'वाढदिवसाला केक मोफत', 'बर्थडे बॉयला जेवण फुकट' असं सारखं येत असतं. ते खरं असतं का? की त्याला कुठे फिरायला नेऊ?
— एक आई, डोंबिवली

उत्तर : अगं, आधी त्या फुकटच्या केकचं सांगते, कारण तो मी खाल्लाय.

नातवाच्या सातव्या वाढदिवसाला असाच मेसेज आला आणि आम्ही सहाजण नटूनथटून एका हॉटेलात गेलो. केक म्हणजे बशीत तळहाताएवढी पेस्ट्री, वर एक मेणबत्ती. चार वेटर टाळ्या वाजवत आले. त्यांना नातवाचं नाव कुणी सांगितलंच नव्हतं, त्यामुळे गाण्यात ऐन नावाच्या जागी चौघेही एकदम गप्प झाले. पोरगं मात्र खूश. मग बिल आलं, 3,400 रुपये. केक हवा तर निदान 2,500 चं जेवा, ही अट मेसेजच्या तळाला मुंगीएवढ्या अक्षरांत होती, ती आमच्यापैकी कुणीच वाचली नव्हती. वर 10 टक्के सर्व्हिस चार्ज. तो मात्र मी काढायला लावला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्येच सांगून ठेवलंय की हॉटेलने सर्व्हिस चार्ज आपल्या मनाने बिलात घालायचा नाही. हॉटेलवाले त्यावर कोर्टात गेले, आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाचीच बाजू उचलून धरली. मॅनेजर म्हणाला, 'मॅडम, ते सिस्टीममध्येच येतं.' म्हटलं, मग सिस्टीमला बोलवा, मी बोलते तिच्याशी. (जीएसटी मात्र भरावा लागतो, त्यावर हुज्जत घालू नकोस.)

तेव्हा मोफत ते सगळं खोटं असतं असं नाही. पण किमान बिल किती, कूपन वाढदिवसाच्याच दिवशी चालतं की आठवडाभर, आणि आधार कार्ड दाखवावं लागतं का, एवढं फोन करून विचार. किमान बिलाची अट नसेल तर खुशाल जा, पेस्ट्री घे आणि बाहेर पड, लाजायचं काही कारण नाही. अट असेल तर तुझ्या 1,500 मध्ये ते बसणारच नाही. आणि नाव नोंदवताना रोजच्या वापरातला नंबर देऊ नकोस. नातवाच्या त्या एका पेस्ट्रीपायी मला अजून फोन येतात, परवा तर कुणी जिमचं सभासदत्व विकत होतं. माझ्या गुडघ्यांना!

आता फिरण्याचं. माझं लहानपण लालबागच्या चाळीत गेलं. वडील गिरणीत. जानेवारी 1982 मध्ये संप सुरू झाला आणि त्याच वर्षी धाकटा भाऊ 9 वर्षांचा झाला, म्हणजे तुझ्या मुलाएवढाच. औक्षणाला आईकडे अंगठी नव्हती, ती गहाण पडली होती. तिने नुसतीच सुपारी ओवाळली आणि ओवाळताना मूठ अशी मिटून धरली की अंगठी आत आहे असं वाटावं. मग चुरमुऱ्यांचा चिवडा डब्यात भरून आम्हाला चालत राणीच्या बागेत नेलं. तिथल्या म्युझियमजवळ एक मोठा दगडी हत्ती आहे, बघितला असशील. तो मूळचा घारापुरीचा, त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. 1864 मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला, उचलताना तो पडला आणि त्याचे तुकडे झाले. पुढे ते जोडून इथे उभा केला. आईने आम्हाला त्याचे सांधे शोधायला लावले. भाऊ म्हणे अकरा, मी म्हणे चौदा. तेवढ्यात तास गेला आणि भेळेची आठवणही कुणी काढली नाही.

म्हणून माझं मत राणीच्या बागेला. आता तिथे पेंग्विन आहेत. 2016 साली सोलहून आणले, पण मूळचे पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरच्या जातीचे. त्यांच्या काचेपुढे रांग असते, तेव्हा आत शिरल्या शिरल्या आधी तिकडेच पळायचं, वाघ-बिबटे नंतर. मी गेले तेव्हा आईवडील आणि दोन मुलं असं चौघांचं मिळून 100 रुपयांचं तिकीट होतं आणि वरच्या प्रत्येक मुलाचे 25.

पण बुधवारी बाग बंद असते! त्या दिवशी बच्चेकंपनी घेऊन गेलीस तर गेटवरचं कुलूप बघून यावं लागेल. रविवारी मेगाब्लॉक, आणि पेंग्विनपेक्षा माणसंच जास्त. तेव्हा शनिवार बरा. 'वाढदिवस बुधवारी आणि केक शनिवारी का?' असं मुलगा विचारणारच. तर आपल्याकडे वाढदिवस दोन असतात, एक तारखेचा आणि एक तिथीचा. त्याची जन्मतिथी पंचांगात शोध. ती नेमकी शनिवारीच येईल असं नाही, पण एकदा दोन वाढदिवस आहेत म्हटल्यावर तिसऱ्यालाही मुलं हरकत घेत नाहीत. बुधवारी सकाळी शाळेआधी औक्षण, संध्याकाळी शेवयांची खीर, आणि विषय संपला.

मित्र किती बोलवायचे? मोठ्या माणसाच्या हाताला दोन मुलं, हा लोकलचा हिशेब. तुम्ही दोघं म्हणजे चार मुलं, म्हणजे मित्र तीन. हे तीन कोण ते त्यालाच ठरवू दे आणि फोनही त्यालाच करू दे. कुणाला घ्यायचं यावरच त्याचा आठवडा जाईल, हॉल बाजूला पडेल. डोंबिवलीहून फास्ट लोकल भायखळ्याला थांबते, पूर्वेला उतरलं की बाग चालत जाण्याएवढी जवळ. 5 वर्षांवरच्या मुलांना अर्धं तिकीट लागतं, ते काढ. 'लहानच दिसतो' म्हणत मुलांदेखत वाचवलेले पैसे टीसीपुढे फार महाग पडतात.

बरोबर बटाट्याची भाजी, पुऱ्या आणि भरपूर पाणी ने. डबे स्टीलचे घे.

केक घरी कर. दोन वाट्या बारीक रवा, वाटीभर दही, वाटीभर साखर, अर्धी वाटी तेल, अर्धी वाटी दूध एकत्र करून अर्धा तास झाकून ठेव. रवा फुगला की चमचाभर बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा सोडा घाल, घट्ट वाटलं तर आणखी थोडं दूध. जुन्या कुकरची शिट्टी आणि रिंग काढायची, पाणी अजिबात घालायचं नाही. तळाला दोन वाट्या जाडं मीठ, त्यावर जाळी, झाकण लावून दहा मिनिटं तापव. मग तूप लावलेल्या डब्यात मिश्रण ओतून तो आत ठेव आणि मंद आचेवर 40-45 मिनिटं. सुरी खुपसून कोरडी निघाली की झाला. फुगून वर तडा गेला तर त्यावर चेरी लाव, चेरी असते कशासाठी! पहिला केक आदल्या आठवड्यात करून बघ, बिघडला तरी चहाबरोबर संपतो. वाढदिवसाचा शुक्रवारी रात्री करून ठेव आणि शनिवारी घरी परत आल्यावर काप, दमलेली पोरं रव्याला नावं ठेवत नाहीत.

टिफिनची बरोबरी करायला जाऊ नकोस. तिन्ही मित्रांना घरातलं वाचून झालेलं एकेक पुस्तक आणायला सांग, तुझा मुलगाही एक काढेल. चार चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याला जे येईल ते त्याचं. स्वतःचंच आलं तर चिठ्ठी परत टाकायची. झालं रिटर्न गिफ्ट.

हे सगळं धरून हजाराच्या आत बसतं, मी दोनदा मांडून बघितलं. उरलेल्या पाचशेतले दोनशे परतीच्या कुल्फीला आणि बाकीचे पर्समध्ये तसेच ठेव. चार मुलं बरोबर असली की कुणाची तरी चप्पल तुटतेच.

आणि कुकरची ती रिंग काढल्यावर खिळ्याला अडकव. माझी केकच्या गडबडीत टरफलांबरोबर कचऱ्यात गेली, आणि दुसऱ्या दिवशी वरण पातेल्यात शिजवावं लागलं.