वाचकांचे प्रश्न : नादारीच्या कायद्यातली वकिली

प्रश्न : मी पुण्यात विधी शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. फक्त नादारी व दिवाळखोरीची प्रकरणे चालवणाऱ्या मुंबईतल्या एका छोट्या फर्मने, सनद मिळताच रुजू व्हा, असे कळवले आहे. इकडे सोलापूरचे एक ज्येष्ठ दिवाणी वकील मला ज्युनिअर म्हणून घ्यायला तयार आहेत. वडील म्हणतात, लोकांचे दिवाळे काढायचे ही कसली वकिली, आणि एकाच कायद्यावर आयुष्य कसे बेतायचे? मी काय करावे?
— एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : वडिलांच्या पहिल्या शंकेचे उत्तर सोपे आहे. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेचा पहिला हेतू कंपनी बुडवण्याचा नसून, शक्य असेल तर ती नव्या मालकाच्या हाती चालती ठेवण्याचा आहे. अवसायन, म्हणजे मालमत्ता विकून कंपनी गुंडाळणे, हा त्यानंतरचा मार्ग. दुसरी शंका मात्र मला रास्त वाटते आणि तिला या क्षेत्राच्याच इतिहासात आधार आहे. आजारी उद्योगांसाठी १९८५ साली कायदा झाला, त्याखालच्या औद्योगिक व वित्तीय पुनर्रचना मंडळासमोर (बीआयएफआर) काही वकिलांनी उमेदीची वर्षे घालवली आणि डिसेंबर २०१६ मध्ये ते मंडळच संपले. पुढे मार्च २०२० मध्ये संहितेखाली कंपनीविरुद्ध अर्ज करण्यासाठीची किमान थकबाकीची मर्यादा एक लाखावरून एकदम एक कोटी रुपयांवर गेली आणि लहान पुरवठादारांचे अर्ज दाखल होणे थांबले. पाठोपाठ, २५ मार्च २०२० पासूनच्या एका वर्षात झालेल्या थकबाकीसाठी अर्जच करता येणार नाही, अशी तरतूद आली. ज्यांचे काम केवळ नवे अर्ज दाखल करण्यापुरते होते, त्यांच्यासाठी तो काळ कठीण होता.

म्हणून फर्मला पगाराआधी एक गोष्ट विचारा : तुमचे पक्षकार कोण? या एका उत्तरावर तुमचे पुढच्या पाच वर्षांचे शिक्षण ठरते. बँकांसाठी काम करणाऱ्या फर्ममध्ये तुम्ही संहितेच्या कलम ७ खालचे, म्हणजे कर्ज देणाऱ्यांनी करायचे अर्ज, कर्जाची कागदपत्रे आणि थकबाकीचा पुरावा यांत तरबेज व्हाल, परंतु तेच ते करत राहण्याचा धोकाही तिथेच अधिक आहे. पुरवठादारांच्या बाजूने कलम ९ खाली काम करताना दहा दिवसांची मागणी नोटीस आणि तिच्या आधीपासून काही वाद होता का, हा प्रश्न महत्त्वाचा असतो. मालाच्या दर्जाबद्दल तक्रार करणारी एक जुनी ई-मेलसुद्धा अख्खा अर्ज फेटाळला जायला पुरेशी ठरू शकते. माझ्या मते सर्वांत जास्त शिकायला मिळते ते रिझोल्युशन प्रोफेशनलचे, म्हणजे या प्रक्रियेत कंपनीचा कारभार सांभाळणाऱ्या नोंदणीकृत व्यावसायिकाचे, वकील म्हणून. संचालक मंडळाचे अधिकार त्याच्याकडे आल्यामुळे कामगारांच्या पगारापासून संशयास्पद जुन्या व्यवहारांपर्यंत प्रत्येक प्रश्न त्याच्या वकिलाच्या टेबलावर येतो, आणि कंपनी वाचवण्याच्या आराखड्याला धनकोंच्या समितीची ६६ टक्के मते मिळवण्याची खटपटही जवळून पाहता येते.

आता सोलापूरचा पर्याय. या संहितेखाली सुरुवातीलाच गाजलेले प्रकरण पुण्याच्या इनोव्हेन्टिव्ह इंडस्ट्रीज आणि आयसीआयसीआय बँक यांच्यातले होते. कंपनीने महाराष्ट्राच्या १९५८ च्या मदतप्राप्त उपक्रमांच्या कायद्याचा, म्हणजे अशा उद्योगांची देणी काही काळ स्थगित ठेवणाऱ्या कायद्याचा, आधार घेतला होता आणि ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, केंद्राच्या संहितेशी विसंगत असल्याने तो कायदा इथे टिकत नाही, असा निर्णय दिला. म्हणजे दिवाळखोरीच्या पहिल्याच मोठ्या लढाईत निर्णायक ठरला तो केंद्र आणि राज्य यांच्या कायद्यांतील विसंगतीबद्दलचा राज्यघटनेचा अनुच्छेद २५४. मुदतीच्या कायद्याचेही तसेच आहे. संहितेखालच्या आदेशावर अपील न्यायाधिकरणाकडे अपिलासाठी तीस दिवस आणि सबळ कारण असल्यास आणखी पंधरा, त्यापुढे एक दिवसही नाही. आणि आदेशाची नक्कल हाती पडली नाही म्हणून मुदत थांबत नाही, ती आदेश जाहीर झाल्या दिवसापासून मोजायची, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले. ज्या दिवशी आदेश, त्याच दिवशी नकलेचा अर्ज, ही सवय चांगला दिवाणी सिनिअर ज्युनिअरला पहिल्याच महिन्यात लावतो. करार, पुरावा, मुदत, मसुदा यांचा पाया तिथे ज्या पद्धतीने घोटून घेतला जातो, तसा तो विशेष काम करणाऱ्या फर्ममध्ये घोटून घ्यायला कोणाला वेळ नसतो.

तेव्हा फर्म वर्ष-दीड वर्ष थांबायला राजी असेल तर आधी सोलापूर, असे माझे स्पष्ट मत आहे. थांबणार नसेल तर मुंबईला जा, पण कर्जवसुली न्यायाधिकरण आणि उच्च न्यायालयातली कामेही द्याल का, हे रुजू होण्यापूर्वीच बोलून घ्या. दोन्हीकडे ताळेबंद वाचायला शिकाच. ही प्रकरणे जिथे चालतात त्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणासमोर सनदी लेखापाल आणि कंपनी सचिवांनाही बाजू मांडता येते. तिथे आकड्यांशी फटकून वागणाऱ्या वकिलाची चांगलीच पंचाईत होते. आणखी एक, संहितेत प्रक्रिया संपवण्यासाठी ३३० दिवसांची मर्यादा असली तरी मोठी प्रकरणे कैक वर्षे चालतात, सिनिअर बदलतात, आणि अशा वेळी पहिल्या पानापासून फाइल ठाऊक असलेल्या ज्युनिअरला उभे राहण्याची संधी आपोआप मिळते.

प्रश्न : लातूरला अकरा वर्षे वकिली केल्यानंतर मला स्वतःलाच रिझोल्युशन प्रोफेशनल होता येईल का?
— एक वकील, लातूर

उत्तर : येईल. वकील म्हणून दहा वर्षांचा अनुभव तुमच्याकडे आहेच. भारतीय नादारी व दिवाळखोरी मंडळाची परीक्षा उत्तीर्ण होऊन, मान्यताप्राप्त व्यावसायिक संस्थेचे सदस्यत्व आणि नोंदणीपूर्व अभ्यासक्रम पूर्ण करून मंडळाकडे नोंदणी करावी लागेल. मात्र हे वकिलीचे काम नव्हे, तर बंद पडू पाहणारा कारखाना चालवण्याचे काम आहे, आणि ज्या कंपनीचे काम घ्याल तिच्याशी तुमचे हितसंबंध गुंतलेले नसावेत, हे नियुक्तीच्या वेळी पाहिले जाते. तुमच्या जुन्या पक्षकारांची यादी आधी काढून ठेवा.