ग्रो बॅगेतल्या टोमॅटोला बुडाशी काळा डाग पडतोय, काय टाकू?

टाकू काहीच नका, आधी बॅग बदला.

तुम्ही लिहिलंय की पुण्यात गच्चीवर ९ बाय ९ इंचाच्या बॅगा आहेत, जानेवारीत रोपं लावली, आता झाडं छातीएवढी झालीत, रोज सकाळी पाणी घालता तरी दुपारी माना टाकतात आणि फळ लिंबाएवढं झालं की बुडाला काळं पडतं, फुलंही गळतात. दुकानदाराने बुरशीनाशक दिलं, कोणी अंड्याची टरफलं टाकायला सांगितली. पण हा रोगच नाहीये हो! एक फळ उभं कापून बघा, काळा भाग चामड्यासारखा कोरडा आणि फक्त बुडाशी असेल, देठाकडचा भाग एकदम ठणठणीत. याला ब्लॉसम एंड रॉट म्हणतात, फळाच्या बुडाला कॅल्शियम कमी पडलं की होतो.

आता कॅल्शियम कमी पडलं म्हणजे मातीत नाही असं नव्हे, बोअरचं पाणी घालत असाल तर त्यातच बहुतेक वेळा भरपूर असतं. कॅल्शियम झाडात फक्त पाण्याबरोबर वर चढतं, आणि कडक उन्हात ते पाणी जवळजवळ सगळं पानं ओढून घेतात, फळाच्या वाट्याला थोडंच येतं आणि त्याच्या बुडापर्यंत सगळ्यात शेवटी पोचतं. मध्ये काही तास जरी माती कोरडी झाली तरी वाढत्या फळाचं बूड उपाशी राहतं आणि तिथल्या पेशी मरतात. म्हणून टरफलांचा उपयोग नाही, ती कुजायलाच कित्येक महिने लागतात, आणि पानांवर फवारलेलं कॅल्शियम पानातच राहतं, फळात उतरत नाही.

९ बाय ९ च्या बॅगेत वरची दोन इंच जागा सोडली तर जेमतेम ७ लिटर माती मावते. मोठं झालेलं टोमॅटोचं झाड मार्च-एप्रिलच्या उन्हात दिवसाला दोन-तीन लिटर पाणी सहज पितं, म्हणजे सकाळी भरलेली बॅग दुपारपर्यंत रिकामी. १२ बाय १२ मध्ये १८ लिटरच्या आसपास माती बसते, ती बुटक्या जातींना चालते. वेलासारख्या वाढणाऱ्या जातींना आणि चेरी टोमॅटोला मी १५ बाय १५ च घेते, त्यात ३५ लिटरच्या वर माती जाते, आणि एका बॅगेत एकच झाड, जागा दिसते म्हणून दुसरं खुपसायचं नाही.

कापडाची की प्लॅस्टिकची, तर जिओफॅब्रिकची बॅग मुळांना फार छान, मूळ कडेला आलं की हवेने टोक सुकतं आणि आत नवीन फुटवे येतात, गोल गोल गुंडाळत नाही. पण ती चारी बाजूंनी सुकते, आपल्याकडच्या उन्हाळ्यात दोन वेळा पाणी घालायला कोणी घरी नसेल तर माझं मत सरळ एचडीपीई म्हणजे जाड प्लॅस्टिकची, यूव्ही वाली म्हणजे उन्हाला टिकणारी, फिक्या रंगाची. पश्चिमेकडची बाजू हाताला चटका बसेल इतकी तापते, तिकडे गोणपाट लावा.

आत्ताची झाडं उपटू नका. १५ बाय १५ च्या बॅगेत तळाला माती भरा, मग संध्याकाळी जुन्या बॅगेचं फक्त बूड कात्रीने कापा आणि झाड बॅगेसकट नवीन बॅगेत बसवून कडेने माती भरा, मुळं आपोआप खाली उतरतात, झाडाला धक्काही फारसा बसत नाही. मातीसाठी एक भाग पोयटा, एक भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड. नुसती काळी माती अजिबात नको, सुकली की कडेपासून सुटते आणि घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खालून वाहून जातं, आपल्याला वाटतं झाड पाणी प्यायलं. वर उसाचं पाचट किंवा वाळलेल्या पानांचा दोन इंच थर द्या. पाणी एकदम ओतायचं नाही, थोडं घालून दहा मिनिटांनी परत. युरिया बंद. काळी पडलेली फळं तोडून टाका, ती सुधारत नाहीत, नवीन गुच्छ कसे येतात ते बघा.

आणि हो, फुलं गळतात म्हणालात त्याचं कारण वेगळं. दिवसा ३५ अंशांच्या वर आणि रात्रीही उकाडा असला की परागकणच नीट बनत नाहीत. दुपारपुरती शेडनेट लावा, सकाळी गुच्छांना टिचकी मारा, थोडी धरतात, पण मे महिन्यात फार अपेक्षा ठेवू नका. पुढची लागवड सप्टेंबर-ऑक्टोबरला करा, बंगळुरूच्या आयआयएचआर या फळं-भाज्यांच्या संशोधन संस्थेचं अर्का रक्षक हे वाण मिळालं तर घ्या, लीफ कर्ल (पानं मुरडणारा विषाणू), मर आणि करपा या तिन्ही रोगांना बऱ्यापैकी तोंड देतं.

एक मात्र बघा, १५ बाय १५ ची ओली बॅग ४० किलोच्या घरात जाते, त्यामुळे गच्चीच्या मधोमध रांग लावू नका, कठड्याच्या कडेने बीमवर ठेवा, आणि खाली दोन विटा द्या म्हणजे पाणी स्लॅबवर साचून राहणार नाही.